बोनाफाईड आहे का?

मागच्या सेमिस्टरला प्लेसमेंटच्या आधी आमचं मॉक ग्रुप डिस्कशन झालं. विषय नेहमीचाच, मोबाईलमुळे माणसं जवळ आली की लांब गेली. माझा रूम पार्टनर बीड जिल्ह्यातला, दहावीपर्यंत मराठी माध्यमातला. इंग्रजी बोलायचं म्हटलं की तो आधी मनात वाक्य जुळवतो आणि मग एका दमात बोलून टाकतो. त्या दिवशी त्याचा मुद्दा सगळ्यांत चांगला होता. मोबाईलमुळे गाव शहरातल्या पोराच्या जवळ येतं आणि तोच मोबाईल त्या पोराला गावापासून तोडतो, असं काहीसं तो म्हणाला. आणि शेवटी जोशात येऊन, "ॲण्ड व्हाइस व्हर्सेस!"

झालं! टेबलभर हशा. जो सगळ्यांत जास्त वेळ हसला त्याने पुढच्याच मिनिटाला स्वतःचा मुद्दा सुरू केला, "माय फादर इज ॲन अल्युम्नाय ऑफ धिस कॉलेज..." तिथे कोणी हसलं नाही. मीही नाही. तेव्हा मला त्यात काही चुकलंय हेच माहीत नव्हतं. पार्टनर मात्र पुढची सगळी चर्चा संपेपर्यंत गप्प बसून राहिला.

हॉस्टेलवर परत येताना त्याने विचारलं, "लेका, ते व्हाइसे व्हर्सा म्हणजे शब्दशः काय असतं रे?" मी म्हटलं, म्हणजे उलट. तो म्हणाला, "ते कळतंय, पण त्यातलं व्हाइस काय आणि व्हर्सा काय?" मला सांगता येईना. रात्री मेसमध्ये टेबलावर विचारलं, दुपारी हसलेले दोघं-तिघं होते तिथे. कोणालाच येईना. म्हणजे मित्रहो, आपण सगळे एका न कळणाऱ्या शब्दाचा उच्चार बरोबर करत होतो आणि तो चुकीचा करत होता. फरक एवढाच.

दहावीला मी संस्कृत घेतलं होतं. अर्थात मार्क पाडायला! पण लायब्ररीत जाडा इंग्रजी कोश उघडून बसलो तेव्हा ते संस्कृत पहिल्यांदा कामाला आलं. लॅटिन आणि संस्कृत या चुलत बहिणी, हे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात सांगितलं होतं. मला ते लायब्ररीच्या बाकावर कळलं, ते असो. 'व्हाइसे' म्हणजे जागा, पाळी. 'व्हर्सा' म्हणजे वळलेली, फिरलेली. आपल्या 'परिवर्तन', 'आवर्तन' यांत जो 'वृत्' धातू आहे त्याचाच हा भाऊ. जागा फिरवून, म्हणजे व्हाइसे व्हर्सा. आणि खरी गंमत पुढे आहे. क्रिकेटच्या स्कोअरबोर्डवर इंडिया आणि ऑस्ट्रेलियाच्या मध्ये जो 'व्हर्सेस' असतो तोही याच धातूचा. म्हणजे आमचा पार्टनर चुकला तो भलतीकडे गेलाच नव्हता, त्याच घरातल्या शेजारच्या खोलीत शिरला होता. ('व्हाइस प्रिन्सिपॉल'मधला व्हाइस हाही तोच, 'च्या जागी'. वाईट सवयीशी त्याचा काही संबंध नाही, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो!)

तेव्हापासून मला नाद लागला. आपण दिवसातून किती लॅटिन बोलतो ते मोजायला गेलो तर सकाळी कॉलेजच्या गेटवर येईपर्यंतच बोटं संपली. 'बस'च घ्या. मूळ शब्द 'ऑम्निबस', म्हणजे 'सर्वांसाठी'. त्यातलं 'ऑम्नि' म्हणजे सर्व, आणि 'बस' हा नुसता चतुर्थी बहुवचनाचा प्रत्यय, आपल्या 'सर्वेभ्यः' मधला 'भ्यः'. सर्व गळून पडलं आणि प्रत्यय रस्त्यावर धावू लागला. मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली, तेव्हापासून आपण त्या 'भ्यः'ला लटकतोय. संध्याकाळी घाटकोपर स्टेशनबाहेरच्या रांगेत उभं राहिलं की 'सर्व' का गळालं ते लगेच कळतं.

व्हायवा? 'व्हायवा व्होसे', जिवंत आवाजाने. 'व्हायवा' म्हणजे आपला 'जीव' आणि 'व्होसे' म्हणजे आपली 'वाचा', दोन्ही शब्द संस्कृतच्या सख्ख्या नात्यातले. एक्स्टर्नलसमोर नेमक्या याच दोन गोष्टी जातात, आधी वाचा आणि मग जीव. जर्नलही तसंच. त्याच्या मुळाशी 'रोजचं' असा अर्थ आहे. जे रोज लिहायचं ते आपण सबमिशनच्या आदल्या रात्री नाईट मारून लिहितो.

आणि ते अल्युम्नाय. हे बहुवचन आहे, एक माजी विद्यार्थी असेल तर 'अल्युम्नस', विद्यार्थिनी असेल तर 'अल्युम्ना'. पण मला वाटतं मराठी माणसाने इथे फार लाजू नये. स्टेजवरच्या पाहुण्यांची ओळख करून देताना 'आमचे अल्युम्नाय आलेत' असं म्हटलं तर ते आदरार्थी बहुवचन समजावं! शिवाय त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे 'पोसलेला', ज्याला खाऊ घालून वाढवलं तो. 'अल्मा मेटर' म्हणजे पोसणारी आई, धातू तोच. आपल्या मेसची डाळ ज्यांनी चार वर्षं खाल्ली त्यांनी हा अर्थ आपापल्या जबाबदारीवर घ्यावा.

'ॲण्ड एटसेट्रा'वर तर इंग्रजीचे शिक्षक हमखास लाल रेघ मारतात. कारण 'एट' म्हणजेच 'आणि', त्याला दुसरा 'ॲण्ड' कशाला? बरोबर आहे त्यांचं. पण आपण 'आणि वगैरे' म्हणतो तेव्हा काय करतो? 'वगैरे' अरबीतून आला, 'व' म्हणजे आणि, 'गैर' म्हणजे दुसरं, इतर. रोमन माणसाने 'आणि बाकीचं' म्हटलं, अरबाने 'आणि इतर' म्हटलं, आणि आपण दोघांच्याही आधी आपला स्वतःचा 'आणि' जोडला. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी 'वगैरे' हटला नाही तो नाहीच. आज त्याला कोणी परका म्हणेल का?

तर असले बदल मला गुन्हे वाटत नाहीत. शब्द घरात आला की घरच्यासारखा वागणारच. पण कोश चाळता चाळता एका शब्दाशी मी अडकलो, आणि तो शब्द आपण सगळे वर्षातून चारदा तरी तोंडातून काढतो. बोनाफाईड.

"बोनाफाईड काढलंस का?" "दोन काढून ठेव, एक बँकेला लागेल." ऑफिसच्या खिडकीवर जून-जुलैत दुसरं काही ऐकूच येत नाही. लोनला बोनाफाईड, स्कॉलरशिपला बोनाफाईड, रेल्वे कन्सेशनला बोनाफाईड. आपल्या मराठीत ते नपुंसकलिंगी नाम आहे, ते निघतं, मिळतं, हरवतं आणि त्याची झेरॉक्स होते. मूळ लॅटिनमध्ये मात्र 'बोना फिदे' हे नाम म्हणून आलेलंच नाही. 'बोना' चांगला, 'फिदे' विश्वासाने. 'चांगल्या विश्वासाने', 'सद्भावनेने', शेवटचा 'ने' त्यात धरलेला आहे. (लॅटिनमध्ये आपल्या तृतीया आणि पंचमी दोघींचं काम एकच विभक्ती करते.) रोमन कायद्यात खरेदी-विक्री, भाडं असे व्यवहार या 'बोना फिदेस'वर चालायचे. कागदात लिहिलंय की नाही एवढंच बघायचं नाही, दोन्ही बाजू एकमेकांशी सरळपणाने वागल्या का तेही बघायचं, असा त्याचा अर्थ होता.

म्हणजे 'बोनाफाईड काढ' याचं शब्दशः मराठी 'सद्भावनेने काढ' असं होईल. आणि खिडकीवरचा अनुभव तर आपल्याला माहीतच आहे.

मला हसायला आलं, पण पुरतं नाही. कारण शब्दाचा अर्थ कसा सरकलाय ते बघा. जो शब्द 'कागद नसला तरी विश्वास ठेव' असं सांगायला होता, तो आज 'कागद आण, मग विश्वास ठेवतो' असं सांगतो. पार्टनरने लोनसाठी बँकेत ओळखपत्र दाखवलं, फीची पावती दाखवली, मार्कशीट दाखवली. तरी, "बोनाफाईड आहे का?" त्या वेळी तो स्वतः समोर उभा होता, जिवंत विद्यार्थी. पण तो बोनाफाईड नव्हता, बोनाफाईड ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये सहीसाठी पडलं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, दोन दिवसांत मिळतं. आपल्याला मिळतं. पण हाच शब्द आपल्या लोकलमध्येही आहे, आणि तिथे त्याची किंमत वेगळी आहे. बोरिवली-अंधेरी किंवा मुलुंड-घाटकोपर रोज करणाऱ्या प्रत्येकाने निदान एकदा तरी दारातून कोणी पडल्याचं ऐकलेलं असतं. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १२४-अ प्रमाणे प्रवासी चालत्या गाडीतून अपघाताने पडला तर चूक कोणाची हे न बघता भरपाई द्यायची असते. मृत्यू झाला तर ही रक्कम पूर्वी चार लाख होती, जानेवारी २०१७ पासून आठ लाख झाली. त्यासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. आणि तिथे वाद कशावर अडतो? मृत माणूस 'बोनाफाईड पॅसेंजर' होता का, यावर. म्हणजे तिकीट किंवा पास होता का.

आता विचार करा. माणूस रुळांवर पडलाय. पाकीट कुठे, पास कुठे, बॅग तर कोणीतरी पुढच्या स्टेशनला उतरवली. घरच्यांनी तिकीट कुठून आणायचं? असे दावे 'मृताजवळ तिकीट सापडलं नाही' म्हणून अडत. २०१८ साली रीना देवी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मृताजवळ तिकीट मिळालं नाही एवढ्यावरून तो बोनाफाईड प्रवासी नव्हता असं ठरवता येणार नाही. घरच्यांनी प्रतिज्ञापत्रावर खरी परिस्थिती सांगावी, मग तो तसा नव्हता हे दाखवण्याची जबाबदारी रेल्वेवर जाते. माझ्या मते न्यायालयाने इथे कायद्याबरोबर त्या शब्दाचाही मूळ अर्थ परत मिळवून दिला. आधी विश्वास, मग कागद. निकालाच्या भाषेत हे असं लिहिलेलं नाही, हे माझं वाचन आहे.

मग मला कळलं की परक्या शब्दाचा खरा त्रास कुठे होतो. ग्रुप डिस्कशनमध्ये कोणी 'व्हर्सेस' म्हटलं तर कोणाचं काही जात नाही. पण ज्याच्या हातात शिक्का आहे तो असा शब्द वापरतो आणि समोरच्याला त्याचा अर्थ विचारायची लाज वाटते, तेव्हा जातं.

'ॲड हॉक' बघा. लॅटिनमध्ये 'यासाठी', म्हणजे एका ठरावीक कामापुरतं. सरकारी मराठीत त्याला 'तदर्थ' म्हणतात, फार नेमका शब्द आहे. (रोमन 'यासाठी' म्हणाला, आपण 'त्यासाठी' म्हणालो, एवढाच फरक.) काम ठरलेलं, ते झालं की नेमणूक संपली. माझ्या ओळखीच्या एक मॅडम एका कॉलेजात, आपल्या नाही, नऊ वर्षं ॲड हॉक लेक्चरर होत्या. दर वर्षी मे महिन्यात काही दिवसांचा ब्रेक, जूनमध्ये नवीन पत्र. नऊ बॅचेस त्यांच्या हाताखालून इंजिनियर होऊन गेल्या. 'यासाठी' म्हणजे नक्की कशासाठी हे त्या पत्रात कधीच नव्हतं. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "अरे, मला वाटायचं ॲड हॉक म्हणजे ज्युनियर." म्हणजे शब्दाने आपलं काम चोख केलं होतं. 'तुम्हाला कायम करत नाही' असं मराठीत तोंडावर सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच वर्षी भांडण काढलं असतं.

आणि 'एक्स ग्रेशिया'. १३ मे २०२४ च्या संध्याकाळी वादळात घाटकोपरच्या छेडानगरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा तो अवाढव्य फलक कोसळला. १२० फूट बाय १२० फूट. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. १७ माणसं गेली. पावसापासून आडोसा म्हणून, पेट्रोल भरायला म्हणून थांबलेली माणसं. मेट्रोने घाटकोपरला उतरून पुढे मुलुंडकडे जाणारे आपल्यातले कितीतरी जण त्या रस्त्याने गेलेत. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना पाच लाखांची मदत जाहीर केली. अशा रकमेला इंग्रजी बातम्यांत कधी 'एक्स ग्रेशिया' म्हणतात, कधी 'कॉम्पेन्सेशन', जणू दोन्ही एकच. व्हाइसे व्हर्सा! पण एक्स ग्रेशिया म्हणजे 'कृपेपोटी'. देणारा म्हणतो, माझ्यावर बंधन नाही, माझी चूक मी मान्य करत नाही, तरी देतो. भरपाई म्हणजे हक्काची, चूक किंवा जबाबदारी ठरवून मिळणारी. पहिली मिळाली म्हणून दुसरी मागायचा हक्क आपोआप संपत नाही. घरात कमावता माणूस गेलाय, कोणीतरी चेक देऊन फोटो काढून गेलंय, आणि शब्द असा की कळतच नाही, हे आपलं होतं की कोणाचे उपकार.

इथे आपल्या मराठीला दाद द्यावीशी वाटते. दिवाळीत महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना जी रक्कम मिळते तिला आपण सवयीने बोनस म्हणतो, पण कागदावर तिचं नाव असतं 'सानुग्रह अनुदान'. अनुग्रहासहित. लॅटिनचा अर्थ तसाच्या तसा, आणि ऐकणाऱ्याला निदान वास तरी येतो की यात कोणाची तरी कृपा आहे. कृपा म्हटली की माणूस विचारतो, कृपा का? हक्क का नाही?

पार्टनरचं विचाराल तर त्याला हे सगळं मी एका रात्री मॅगी खाता खाता सांगितलं. 'व्हर्सेस' हा 'व्हर्सा'चाच भाऊ आहे म्हटल्यावर गडी जाम खूश. पुढच्या मॉकला त्याने ते लॅटिन वापरलंच नाही, सरळ 'द अदर वे राउंड' म्हणाला. आणि समोरच्याने 'पर से' म्हटलं तेव्हा शांतपणे विचारलं, "मीन्स?" समोरचा थांबला. अर्धं मिनिट कोणी बोलेना. परीक्षक मॅडमनी शेवटी त्याला सांगितलं, प्रश्न चांगला होता.

मला मात्र हे ज्ञान महागात पडलं. त्याचं झालं असं. आमच्या विंगच्या नोटीस बोर्डावर इंग्रजीत सूचना होती, खोलीत जास्त वॅटची उपकरणं, 'आय.ई.' हीटर, इस्त्री आणि इंडक्शन, वापरायला बंदी. एका रात्री राऊंडला वॉर्डन सर आले आणि आमची इलेक्ट्रिक किटली उचलली. मी म्हटलं, "सर, एक मिनिट. आय.ई. म्हणजे 'इद एस्ट', 'म्हणजेच'. मग यादी तीन वस्तूंवर संपली. किटली त्यात नाही. तुम्हाला 'उदाहरणार्थ' म्हणायचं असेल तर 'ई.जी.' पाहिजे, 'एक्झेम्प्ली ग्रेशिया'. एक्स ग्रेशियामधलीच ग्रेशिया, सर, फक्त इथे तिचा अर्थ 'साठी' असा होतो." सरांनी माझ्याकडे पाहिलं, नोटिशीकडे पाहिलं, आणि हसून किटली परत टेबलावर ठेवली. विंगमध्ये त्या रात्री मला खांद्यावर घ्यायचंच बाकी होतं.

सकाळी बोर्डासमोर गर्दी दिसली. नोटिशीतलं 'आय.ई.' निळ्या पेनने खोडून वर सुवाच्य अक्षरात 'ई.जी.' लिहिलं होतं, बाजूला तारीख आणि सही. दुपारी किटली गेली. विंगमधली पोरं अजून मला चहाचे पैसे मागतात.